वृद्ध रुग्णाची शुश्रूषा आणि परिचारिकेचा दृष्टिकोन : एका विद्यार्थिनीच्या प्रश्नांना उत्तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. मेडिसिन वॉर्डातील पोस्टिंगमध्ये तिला असे दिसले की वृद्ध रुग्णांच्या खाटांकडे सिनियर सिस्टर सहसा शेवटी वळतात, ओव्हर देताना (म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सांगताना) त्यांचा उल्लेख 'त्रास देणारा पेशंट' असा होतो, आणि एका रात्री तर एका आजोबांचे दोन्ही हात बँडेजने खाटेला बांधून ठेवले होते. परिचारिकांना म्हातारी माणसे नकोशी असतात हे खरे का, नोकरीत काही वर्षे गेल्यावर आपणही तशाच होऊ का, आणि त्या रात्री आपण काय करायला हवे होते, असे तिने विचारले आहे. गोव्यातील सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही रुग्णालयांत मी काम केले आहे आणि वॉर्ड सिस्टर म्हणून अनेक मुलींना हाताखाली शिकवले आहे, म्हणून तिला थेट उद्देशूनच लिहिते.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, पण ते तेवढ्यावर सोडून देता येत नाही. परिचारिकांचा वृद्धांविषयीचा दृष्टिकोन मोजण्याचे प्रयत्न साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. नेथन कोगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ३४ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. त्यांतील १७ विधाने वृद्धांविषयी चांगले बोलणारी आहेत आणि १७ वाईट. नर्सिंगच्या संशोधनात ती आजही वापरली जाते, आणि उत्तरांमध्ये वृद्धांविषयी उघड तिटकारा क्वचितच आढळतो. आपल्याकडे तर वडीलधाऱ्यांचा मान राखावा हे घरातूनच शिकवलेले असते, त्यामुळे अशा प्रश्नावलीला आपल्या मुली मनापासून चांगलीच उत्तरे देतील यात मला शंका नाही. परंतु ती विधाने वृद्ध माणसांविषयी सर्वसाधारणपणे विचारतात. पहाटे तीन वाजता त्याच आजींची चादर पुन्हा ओली झालेली असते, वॉर्डात आणखी दोन सलाइन संपत आलेली असतात आणि कॅज्युअल्टीतून नवीन रुग्ण वर येत असल्याचा फोन आलेला असतो, त्या क्षणी आपले हात कसे चालतात हे कोणतीही प्रश्नावली विचारत नाही.

इतक्या वर्षांत माझे मत असे झाले आहे की वॉर्डातील दृष्टिकोन मनातल्या आदरावर फारसा ठरत नाही. वृद्ध रुग्णाला भरवणे, अंग पुसणे, कुशीवर वळवणे, शौचाला नेणे ही कामे परिचारिका स्वतःची मानते की दुसऱ्या कोणाची, यावर तो ठरतो. आपल्या रुग्णालयांत ही कामे कधी ठरवून कोणी वाटून दिली नाहीत, ती हळूहळू नातेवाइकांकडे गेली. सून भरवते, मुलगी पाठ पुसते, आणि घरचे कोणी नसेल तर पैसे देऊन ठेवलेली केअरटेकर बाई किंवा वॉर्डातला अटेंडंट ते करतो. परिचारिकेच्या वाट्याला इंजेक्शने, सलाइन, बीपी, राउंड, रक्ताचे नमुने, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या सरकारी आरोग्यविमा योजनेचे कागद आणि न संपणाऱ्या नोंदी राहतात. मग ज्या रुग्णाला ही अंगाची सेवा सर्वांत जास्त लागते तो रुग्ण तिला आपल्या कामात आडवा येणारा वाटू लागतो. यात ती क्रूर झालेली नसते. जे काम तिच्या हिशेबातच धरलेले नाही, ते तिच्याकडून तो मागत असतो.

गोव्यात ही गोष्ट अधिक टोचते, कारण येथे वृद्ध अधिक आहेत आणि त्यांच्या उशाशी बसणारे कमी. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे ८.६ टक्के होती. गोव्यात ती ११.२ टक्के होती, केरळच्या खालोखाल. मुलगा आखातात किंवा बोटीवर, मुलगी लंडनला, आणि घरी दोन म्हातारी माणसे एकमेकांना सांभाळत आहेत, अशी घरे बार्देश-सासष्टीत वाड्यावाड्यावर आहेत, आणि आता डिचोली-सत्तरीतही ती नवीन राहिलेली नाहीत. त्या दोघांतील एक दाखल झाला की दुसऱ्याला रोज बसने येणेही झेपत नाही. अशा रुग्णाच्या खाटेजवळ स्टूल रिकामे असते. एखाद्या वॉर्डाचा वृद्धांविषयीचा खरा दृष्टिकोन पाहायचा असेल, तर रिकाम्या स्टुलाच्या त्या खाटेपाशी संध्याकाळी सहाच्या सुमारास उभे राहून पाहावे: जेवणाचे ताट आले का, ते हाताला लागेल असे ठेवले का, आणि तासाभराने ते तसेच उचलून नेले गेले का.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण दुर्लक्ष हे बहुतेक वेळा असेच दिसते. चार्टवर 'आहार कमी' असे लिहिलेले असते. खाटेजवळच्या लॉकरचा खण उघडला तर कवळी एका कागदात गुंडाळून ठेवलेली असते, कारण दाखल करताना ती काढली आणि परत द्यायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. चष्मा घरी राहिलेला असतो, त्यामुळे ताटात काय आहे हे नीट दिसत नाही. खाटेचे डोके उचललेले नसते, म्हणून घास घेतला की ठसका लागतो आणि रुग्ण घाबरून खाणे सोडतो. यांतील एकही कारण वयाचे नाही. कवळी लावून, उशा देऊन ताठ बसवून, ऊन पेज चमच्याने दोन-चार घास भरवून मग चमचा त्यांच्याच हातात दिला, तर पुष्कळ आजी-आजोबा उरलेली पेज स्वतः संपवतात. हे पाहणाऱ्या परिचारिकेला 'म्हातारपणी भूक मरतेच' असे पुन्हा म्हणवत नाही. वृद्धत्वाविषयीचे गैरसमज व्याख्यानांपेक्षा अशा पाच-दहा मिनिटांनी अधिक लवकर जातात.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ज्या वृद्धांना आपण 'त्रास देणारे', 'ऐकत नाहीत', 'नॉन-कोऑपरेटिव्ह' म्हणतो, त्यांतील पुष्कळांना डेलिरियम झालेला असतो, म्हणजे शरीरातील बिघाडामुळे अचानक आलेली भ्रमावस्था. ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होते, दिवसभरात कमी-जास्त होत राहते, लक्ष एका जागी टिकत नाही आणि रात्री बहुधा वाढते. स्मृतिभ्रंश महिनोन् महिने, वर्षानुवर्षे हळूहळू येतो. डेलिरियम मात्र कालपर्यंत नीट बोलणाऱ्या माणसाला आज होतो. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणे, रक्तातील सोडियम घसरणे, दुखणे, कडक मलावरोध, तुंबलेली लघवी, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या, झोपमोड, यांपैकी काहीही त्याला पुरते, आणि बहुधा दोन-तीन कारणे एकत्र असतात. म्हणजे हा आजार आहे, स्वभाव नव्हे, आणि तो तातडीचा आजार आहे.

आमच्या वॉर्डात पेडण्याकडच्या, ऐंशी ओलांडलेल्या एक आजी मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी होत्या. तिसऱ्या रात्री त्या सलाइनची नळी ओढू लागल्या, चादरीचे टोक बोटांनी सारखे चिमटू लागल्या आणि 'गोरवां भायर रावलीं, म्हाका सोड' (गुरे बाहेर राहिली, मला सोड) असे ओरडू लागल्या. शेजारचे रुग्ण चिडले, कोणी झोपेचे इंजेक्शन द्या म्हणाले. ड्युटीवरच्या तरुण स्टाफ नर्सने मुख्य दिवा न लावता उशाजवळचा छोटा दिवा लावला, आजींचा हात हातात धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या ओटीपोटावर हलकेच दाबून पाहिले. पोट नाभीपर्यंत टणक लागत होते. दुपारी कॅथेटर (लघवीची नळी) काढला होता, आणि त्यानंतर लघवी झाल्याची एकही नोंद चार्टवर नव्हती. तिने डॉक्टरांना बोलावून घेतले, कॅथेटर पुन्हा घातला, आणि पिशवी भरत गेली तशी आजींची मूठ सैल होत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आपल्या मुलीशी नीट बोलत होत्या. झोपेचे इंजेक्शन दिले असते तर लघवी तशीच तुंबून राहिली असती आणि चार्टवर 'रुग्ण शांत झोपला' असे लिहिले गेले असते.

डेलिरियमचा दुसरा प्रकार याहून धोक्याचा आहे, कारण तो कोणालाच त्रास देत नाही. रुग्ण गप्प पडून राहतो, हाक मारली तर डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो, खात नाही, हलत नाही. वॉर्डात असा वृद्ध 'चांगला पेशंट' ठरतो. तू ज्या सिस्टरांविषयी लिहिले आहेस त्या आरडाओरडा करणाऱ्या रुग्णावर चिडत असतील, पण माझ्या मते त्याहून मोठा दोष या गप्प पडलेल्या रुग्णाविषयी समाधानी असण्यात आहे.

गोव्यात काम करताना आणखी एक कारण कधीही विसरू नये. रोज संध्याकाळी फेणी किंवा इतर दारू घेणारे आजोबा पडल्यामुळे किंवा तापाने दाखल होतात, घरचे लाजेखातर ते सांगत नाहीत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातांना कंप, घाम, वेगवान नाडी आणि भ्रम सुरू होतो. अचानक दारू तुटल्याने होणारा हा डेलिरियम जिवावर बेतू शकतो, आणि त्याचे उपचार इतर डेलिरियमपेक्षा वेगळे आहेत. दाखल करतानाच, नातेवाईक जवळ नसताना, आवाजात दोष न आणता 'सांजेचो कितलो घेतात?' एवढे विचारले, तर बहुतेक आजोबा खरे सांगतात. वृद्धाला असे विचारणे अपमानाचे आहे असे समजून परिचारिका गप्प बसते, आणि इथे आदरच रुग्णाच्या मुळावर येतो.

आदर आणि माया यांनी होणारे नुकसान हा मुद्दा वाचायला विचित्र वाटेल, पण मी तो ठामपणे मांडते. आजी पडतील म्हणून त्यांना खाटेवरून उतरू द्यायचे नाही, चालायला वेळ लागतो म्हणून डायपर बांधायचा, हात थरथरतो म्हणून आपणच भरवायचे, आणि 'माझं बाळ ते' असे लाडाने बोलायचे, हे सगळे प्रेमानेच केले जाते. त्याचा परिणाम मोजला गेलेला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस खाटेवर झोपवून ठेवले असता त्यांच्या दोन्ही पायांचे मिळून सुमारे एक किलो स्नायू कमी झाले. ती निरोगी माणसे होती. न्यूमोनिया झालेले, दोन दिवस उपाशी असलेले आजोबा आठवडाभर खाटेवर राहिले तर ते चालत आले होते तसे चालत घरी जाणार नाहीत हे उघड आहे. अनेक वृद्धांसाठी घरी परत जाता येणे हे शौचालयापर्यंत स्वतः जाता येण्यावर अवलंबून असते, आणि ती ताकद आपणच काढून घेतलेली असते. आधार देऊन चालवायला डायपर बदलण्यापेक्षा फार जास्त वेळ लागत नाही. लागतो तो दोन माणसांचा मेळ, आणि त्यासाठी अटेंडंटला हाक मारण्याची तयारी.

मनुष्यबळाचा प्रश्न मी टाळत नाही. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्रपाळीला प्रत्यक्षात काय असते ते तू पाहिले आहेस. थकलेल्या माणसाचा आवाज चढतो, आणि तो चढतो तेव्हा समोर बहुधा ऐकू कमी येणारा वृद्ध असतो. तरीही याबाबतीत एक गोष्ट लक्षात घे. डेलिरियम टाळण्यासाठी शॅरन इनूये यांनी अमेरिकेत केलेला, सत्तर वर्षांवरील ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला वेळ-ठिकाणाची आठवण करून देणे, लवकर चालवणे, चष्मा व श्रवणयंत्र लावणे, पाणी पाजणे, आणि रात्री औषधाऐवजी ऊन पेय व शांतता देऊन झोपवणे, एवढेच केले गेले. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात डेलिरियमचे प्रमाण १५ टक्के होते, या गटात ते ९.९ टक्के राहिले. यांतील पुष्कळ काम प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केले होते. आपल्याकडे स्वयंसेवक नाहीत, पण स्टुलावर बसलेली नातेवाईक मंडळी आहेत. त्यांना 'बाहेर थांबा' म्हणण्याऐवजी कधी, किती आणि कसे पाजायचे, कसे बसवायचे हे दाखवून दिले, आणि स्वतः येऊन ते तपासले, तर काम त्यांच्याकडे राहूनही जबाबदारी परिचारिकेकडे राहते. मी सोपवण्याच्या विरुद्ध नाही. सोपवून पाठ फिरवण्याच्या विरुद्ध आहे.

खाटेवर पडून राहून होणाऱ्या पाठीच्या जखमांचे, म्हणजे बेडसोअरचेही तसेच. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह वृद्धांच्या वॉर्डात काम करून १९६२ मध्ये दाखवले की बेडसोअर हे म्हातारपणाचे भोग नसून त्यांचा अंदाज आधी बांधता येतो आणि नियमित कूस बदलून ते टाळता येतात. त्यांची गुणपट्टी पाच साध्या गोष्टी पाहते: शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडणे-फिरणे, अंग हलवता येणे आणि मलमूत्रावरचा ताबा. वीसपैकी चौदा किंवा कमी गुण आले तर धोका. हे सगळे अंग पुसता पुसता दिसते. ज्या परिचारिकेने माकडहाडावरची लाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, तिला कूस बदलणे हे खालच्या दर्जाचे काम वाटत नाही.

घरचे लोक नेण्यास टाळाटाळ करतात तेव्हा वॉर्डात जो कडवटपणा येतो, त्याबद्दल थोडक्यात. बरा झालेला वृद्ध आठवडेच्या आठवडे खाटेवर राहिला की राग नातेवाइकांवरचा असतो आणि निघतो त्याच्यावर. हा प्रश्न परिचारिकेने मनात साठवण्याचा नाही. तो लवकरात लवकर वैद्यकीय समाजसेवकाकडे द्यावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाला सोडून देणे हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि ज्यांना खरेच कोणी नाही त्यांच्यासाठी प्रोव्हेदोरियाचे, म्हणजे गोवा सरकारच्या सार्वजनिक साहाय्य संस्थेचे, वृद्धाश्रम आहेत.

तुझा दुसरा प्रश्न: आपणही अशाच होऊ का? वर्षे गेल्याने कोणी आपोआप कठोर होत नाही. माझ्या पाहण्यात जुन्या सिस्टरांपैकी काही अशा होत्या की त्यांच्या हातचे स्पंजिंग मिळावे म्हणून रुग्ण त्यांच्या ड्युटीची वाट पाहत. त्या सगळ्यांमध्ये एक सवय समान होती. ड्युटी घेताना त्या ओव्हर ऐकून थांबत नसत. प्रत्येक वृद्धाला स्वतः हात लावत, 'तुम्हांला घरी काय म्हणून हाक मारतात?' असे विचारत, आणि तो माणूस कोण होता याची एक ओळ मनात ठेवत. चाळीस वर्षे शाळा चालवलेले मास्तर, बाजारात मासळी विकून चार मुली वाढवलेली बाय, देवळात चौघडा वाजवणारे आजोबा. बोलताना समोर येऊन, खालच्या पट्टीत, सावकाश बोलत, कारण वयानुसार वरच्या पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि ओरडल्याने आवाज आणखी वरच जातो. 'दुखते का?' या प्रश्नाला जुन्या बायका 'ना गे, बरी आसां' असेच म्हणतात हे ठाऊक असल्याने त्या उत्तराऐवजी कूस बदलताना कपाळावर पडणाऱ्या आठ्या पाहत. ही सवय पहिल्या एक-दोन वर्षांत लागली तर टिकते. म्हणून तुला नोकरीच्या सुरुवातीला निवड करता आली, तर आयसीयूच्या आधी मेडिसिन किंवा ऑर्थोचा वॉर्ड घे.

आता त्या रात्रीविषयी. हात बांधल्याने वृद्ध शांत होत नाही. भ्रमातल्या माणसाला आपल्याला पकडून ठेवले आहे एवढेच कळते आणि तो अधिक झटतो. मनगटाला जखमा होतात, ठसका लागल्यास कुशीवर वळता येत नाही, बेडसोअर लवकर होतो. मानसिक आरोग्याच्या आस्थापनांसाठी तर २०१७ च्या कायद्याच्या कलम ९७ ने बांधून ठेवण्यावर कडक अटी घातल्या आहेत: दुसरा उपाय नसतानाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, आवश्यक तेवढाच वेळ आणि नोंद ठेवून. मेडिसिनच्या वॉर्डाला ते कलम थेट लागू नसले तरी याहून सैल वागण्याचे कारण मला दिसत नाही.

विद्यार्थिनी म्हणून तू ती बांधणी परस्पर सोडू नयेस. नळी ओढली गेली किंवा रुग्ण पडला तर नुकसान त्याचेच होईल. पण बँडेजखाली दोन बोटे जातात का, बोटे गार किंवा निळी पडली आहेत का, हे तू लगेच पाहू शकतेस आणि सिस्टरना सांगू शकतेस. त्यानंतर ओठ कोरडे आहेत का, पोट टणक आहे का, शेवटची लघवी आणि शौच कधी झाले, ताप आणि ऑक्सिजन किती, आज कोणते नवे औषध सुरू झाले, हे पाहून ड्युटी डॉक्टरांना कळवण्याची विनंती कर. तक्रारीच्या सुरात 'का बांधले?' असे विचारण्यापेक्षा 'सिस्टर, हे काल नीट बोलत होते, मी यांच्याजवळ बसते, हात सोडून पाहू या का?' असे म्हटलेस तर रात्री दोन वाजता थकलेली सिस्टर बहुधा हो म्हणते. मग खाट सर्वांत खाली कर, सलाइनच्या जागेवर सैल बँडेज गुंडाळून वर बाही ओढ म्हणजे नळी नजरेस पडणार नाही, नको असलेली नळी काढता येईल का ते डॉक्टरांना विचार, हातात घडी घालायला टॉवेल दे, आणि घरच्या कोणाचा तरी आवाज फोनवर ऐकव. तरीही बांधावेच लागले, तर कोणाच्या आदेशावरून, किती वाजता, कशासाठी बांधले आणि किती वेळाने सोडून पाहिले, हे नोंदीत आलेच पाहिजे; ते येत नसेल तर सकाळी तुझ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला, कोणाचे नाव न घेता रुग्णाच्या खाटेचा क्रमांक सांगून, कळव. आणि ओव्हरमध्ये तुला बोलायची वेळ आली, तर 'त्रास देणारा पेशंट' या शब्दांच्या जागी 'काल संध्याकाळपासून भ्रम, आठ तासांत लघवीची नोंद नाही, डॉक्टरांना कळवले आहे' असे सांग.